क्षार विरघळल्यावर आयन किती? पीयूसीची मुलं आणि शेतकरी हमखास विचारतात ते प्रश्न

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी पुस्तक, ही बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मुलांची नेहमीची वाट. गणित येत असतं, पण उदाहरणात नेमकं काय विचारलंय तिथंच गाडी अडते. त्यांच्यासाठी हे पान. पुढं पुढं अथणी-रायबागकडच्या शेतकऱ्यांचेही प्रश्न यायला लागले, कारण पाण्याचा रिपोर्ट, मोरचूद, जिप्सम सगळीकडं हिशेब शेवटी हाच: पाण्यात कुठले आयन, म्हणजे प्रभार असलेले सुटे कण, किती. म्हणून तेही इथंच घेतलेत.

बाटलीवर ‘०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड’ लिहिलंय. मग क्लोराइड ०.१ की ०.२?

०.२. कॅल्शियम ०.१. (मोल हे डझनासारखं कण मोजायचं माप; लिटरमागं जितके मोल तितकं मोलर.)

बाटलीवरची चिठ्ठी आत काय टाकलं ते सांगते. आत आता काय आहे ते तुम्ही काढायचं. कॅल्शियम क्लोराइडच्या एका सूत्रामागं एक कॅल्शियम आणि दोन क्लोराइड सुटे होतात. उसाची मोळी सोडली की मोळ्या मोजत नाहीत, ऊस मोजतात, तसंच हे. लिटरमागं ०.१ मोल मोळ्या टाकल्या, तर क्लोराइडचे ऊस ०.२ मोल.

म्हणून कुठलंही उदाहरण आलं की आकडेमोडीआधी एक ओळ लिहा: हा क्षार कशाकशात फुटतो आणि किती किती. ही ओळ न लिहिता तोंडी करणारी मुलं हुशार असतात आणि मार्क घालवतात.

वजन ग्रॅममध्ये दिलं असेल तर?

समजा ७.१ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घेऊन २५० मिलिलिटर द्रावण केलं. मोलर वस्तुमान १४२, म्हणजे ०.०५ मोल. पाव लिटरमध्ये ०.०५ मोल, म्हणून द्रावण ०.२० मोलर. फुटतं कसं? दोन सोडियम, एक सल्फेट. सोडियम ०.४० मोलर, सल्फेट ०.२० मोलर. झालं.

एक बारीक गोष्ट: २५० मिलिलिटर हे सगळ्या द्रावणाचं आकारमान. ल्याबमध्ये आधी थोड्या पाण्यात क्षार विरघळवून मग फ्लास्कच्या गळ्यावरच्या खुणेपर्यंत पाणी भरतात ते याचसाठी. २५० मिलिलिटर पाणी मोजून त्यात क्षार टाकला तर आकारमान थोडं बदलतं. पातळ द्रावणात फरक नगण्य, पण प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतो.

सल्फेटमधला गंधक आणि ऑक्सिजन सुटे मोजायचे का?

नाही. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनियम हे गट पाण्यात एकसंध राहतात. पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये चार पोटॅशियम सुटतात, पण लोह आणि सहा सायनाइड मिळून एकच ऋण आयन राहतो, चार प्रभाराचा. म्हणजे एकूण पाच आयन, अकरा नव्हे.

खाण्याच्या सोड्यात तर निम्मा वर्ग फसतो. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे सोडियम, हायड्रोजन आणि कार्बोनेट असे तीन आयन, असं लिहून मोकळे होतात. फुटतात फक्त दोन: सोडियम आणि बायकार्बोनेट. बायकार्बोनेट पुढं अगदी थोडं इकडंतिकडं होतं, पण हायड्रोजन आयन सोड्याइतके सुटले असते तर ते पाणी जहाल आम्ल झालं असतं. प्रत्यक्षात सोड्याचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ८.३.

मोहर सॉल्टचं काय? त्यात दोन धन आयन आहेत.

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनसाठी जे फिकट हिरवे खडे देतात ते हेच, फेरस अमोनियम सल्फेट. सूत्रात सहा पाण्याचे रेणू धरून मोलर वस्तुमान ३९२. हा दुहेरी क्षार आहे, पाण्यात पूर्ण मोकळा होतो: दोन अमोनियम, एक फेरस, दोन सल्फेट. द्रावण ०.०५ मोलर असेल तर अमोनियम ०.१०, फेरस ०.०५, सल्फेट ०.१०.

हे झालं कागदावर. ल्याबमध्ये त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घातलेलं असतं, नाहीतर फेरसचं जलापघटन (पाण्याशीच अभिक्रिया) होऊन द्रावण गढूळ व्हायला लागतं. त्यामुळं तुमच्या बाटलीतलं सल्फेट ०.१० पेक्षा जास्तच असणार. फेरस मात्र तेवढंच, आणि टायट्रेशनला आपल्याला तेच हवं असतं.

उत्तर बरोबर आलं की नाही हे पुस्तकाच्या मागं न बघता कसं कळणार?

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला सर्वांत कामाचा प्रश्न हा, आणि वर्गात त्याला सर्वांत कमी वेळ मिळतो. प्राथमिक शाळेत भागाकार झाल्यावर ताळा करायचो, तसा इथंही ताळा आहे. द्रावणाला एकंदर प्रभार नसतो. म्हणून प्रत्येक धन आयनाची संहती (लिटरमागं किती मोल) गुणिले त्याचा प्रभार, यांची बेरीज ऋण बाजूच्या तशाच बेरजेइतकी यायलाच पाहिजे.

वरच्या मोहर सॉल्टला लावून बघा. धन बाजू: अमोनियम ०.१० गुणिले १, फेरस ०.०५ गुणिले २, मिळून ०.२०. ऋण बाजू: सल्फेट ०.१० गुणिले २, म्हणजे ०.२०. जुळलं.

याहून चांगलं उदाहरण घरातच असतं. ओआरएसचं पाकीट घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००२ च्या सूत्राप्रमाणं एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. आता हिशेब करू. मीठ २.६ भागिले ५८.४ म्हणजे ४४.५ मिलिमोल. पोटॅशियम क्लोराइड १.५ भागिले ७४.५५ म्हणजे २०.१. सायट्रेट २.९ भागिले २९४ म्हणजे ९.९, आणि त्याच्या प्रत्येकामागं तीन सोडियम. तर सोडियम ४४.५ अधिक २९.६, म्हणजे ७४.१. क्लोराइड ४४.५ अधिक २०.१, म्हणजे ६४.६. सूत्रासोबत छापतात ते आकडे पूर्णांकात असतात: सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०.

ताळा: धन ७५ अधिक २०, म्हणजे ९५. ऋण ६५ अधिक सायट्रेटचे तीन प्रभार गुणिले १०, म्हणजे तेही ९५. ग्लुकोज फुटत नाही, त्याला प्रभार नाही, म्हणून ते ताळ्यात येत नाही.

आणि आकारमानाचं महत्त्व कुणाला अजून पटलं नसेल तर हेच पाकीट एका लिटरऐवजी अर्ध्या लिटरात कालवून बघा, कागदावरच. सोडियम दीडशे. सलाईनच्या बाटलीत ०.९ टक्के मिठाचं द्रावण असतं, त्यात सोडियम १५४. म्हणजे जुलाबानं बेजार लेकराला आपण जवळजवळ सलाईनइतकं खारट पाजायला निघालो. पाकिटावर पाण्याचं माप ठळक छापतात ते उगाच नाही.

दोन द्रावणं एकत्र केली तर संहतींची बेरीज करायची?

संहतींची कधीच नाही. मोलांची बेरीज करा, मग एकूण आकारमानानं भागा.

०.१ मोलर मीठ १०० मिलिलिटर आणि ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड १०० मिलिलिटर. क्लोराइड पहिल्यातून १० मिलिमोल, दुसऱ्यातून २०, एकूण ३०. आकारमान २०० मिलिलिटर. क्लोराइड ०.१५ मोलर. सोडियम आणि कॅल्शियम दोघेही ०.०५. ताळा तुम्ही करा.

नुसतं पाणी घालून पातळ केलं तर?

सगळ्या आयनांची संहती एकाच पटीत उतरते. १० मिलिलिटरचं १०० केलं की प्रत्येक आकड्याचा दहावा भाग.

मिसळल्यावर साका (न विरघळणारा गाळ) बसला तर?

मग जो आयन साक्यात गेला तो द्रावणातून वजा.

०.१० मोलर बेरियम क्लोराइड ५० मिलिलिटर, ०.०६ मोलर सोडियम सल्फेट ५० मिलिलिटर. बेरियम ५ मिलिमोल, क्लोराइड १०, सोडियम ६, सल्फेट ३. बेरियम सल्फेट खाली बसतं; सल्फेट कमी आहे म्हणून ते संपतं आणि ३ मिलिमोल बेरियमही सोबत घेऊन जातं. उरलं बेरियम २ मिलिमोल. एकूण १०० मिलिलिटरमध्ये बेरियम ०.०२, सोडियम ०.०६, क्लोराइड ०.१० मोलर. ताळा: ०.०४ अधिक ०.०६ बरोबर ०.१०.

सोडियम आणि क्लोराइड या भांडणात पडलेच नाहीत, पण आकारमान दुप्पट झालं म्हणून त्यांची संहती निम्मी झाली. हे विसरणारे फार.

सल्फेट शून्य लिहायचं का? सीईटीत पर्याय तसा असेल तर लिहा. खरं म्हणजे शून्य होत नाही. बेरियम सल्फेटचा केएसपी (क्षार विरघळायचा थांबतो तेव्हाच्या आयनांच्या संहतींचा गुणाकार) १.१ × १०⁻¹⁰ धरला तर ०.०२ नं भागून सल्फेट ५.५ × १०⁻⁹ मोलर उरतं.

केएसपी दिला की वर्गमूळ घ्यायचं, एवढंच ना?

एकास एक फुटणाऱ्या क्षाराला, तेही शुद्ध पाण्यात. सिल्व्हर क्लोराइडचा केएसपी १.८ × १०⁻¹⁰, त्याचं वर्गमूळ १.३ × १०⁻⁵, तेवढं सिल्व्हर आणि तेवढंच क्लोराइड. पण हेच ०.१ मोलर मिठाच्या पाण्यात असेल तर क्लोराइड आधीच ०.१ आहे, म्हणून सिल्व्हर १.८ × १०⁻⁹. सात हजार पटींनी कमी. सामायिक आयनाचा परिणाम म्हणतात तो हा.

कॅल्शियम फ्लोराइडमध्ये वर्गमूळ चालत नाही. एका कॅल्शियममागं दोन फ्लोराइड. विद्राव्यता एस धरली तर कॅल्शियम एस, फ्लोराइड दोन एस, आणि केएसपी म्हणजे एस गुणिले दोन एसचा वर्ग, म्हणजे चार एसचा घन. दोनानं गुणायचं आणि वर्गही करायचा, दोन्ही. ‘सर, दोनदा का?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. पहिल्यांदा आपण आयन किती ते लिहितो, दुसऱ्यांदा केएसपीची व्याख्या लावतो. ही दोन वेगळी कामं आहेत. केएसपी ३.९ × १०⁻¹¹ घेतला तर एस येतो ०.०००२१, आणि फ्लोराइड ०.०००४३ मोलर, म्हणजे लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम.

हा आकडा बोअरच्या पाण्याशी ताडून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे खडकातलं नुसतं कॅल्शियम फ्लोराइड शुद्ध पाण्यात मुरलं तरी मर्यादेच्या कितीतरी वर जाईल. आता त्याच पाण्यात आधीच लिटरला ८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.००२ मोलर कॅल्शियम असेल तर? केएसपी भागिले ०.००२, त्याचं वर्गमूळ, गुणिले १९: अडीच ते पावणेतीन मिलिग्रॅम. जड पाण्यात फ्लोराइड फार वर चढू शकत नाही. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यातच ते चढतं. ‘गोडं, मऊ पाणी’ म्हणून निर्धास्त राहू नका, तपासून घ्या.

मोरचुदाच्या सूत्रात पाणी धरायचं का?

वजन करताना धरायचं, आयन मोजताना सोडून द्यायचं. निळ्या मोरचुदात एका कॉपर सल्फेटमागं पाच पाणी, मोलर वस्तुमान २४९.७. निर्जल पांढरी पूड घेतली तर १५९.६. चुकीचा आकडा घेतला की उत्तर दीडपटीहून जास्त चुकतं.

अथणीकडचे द्राक्षवाले एक टक्का बोर्डो मिश्रण करतात: शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. चुना घालायच्या आधीचा हिशेब सोपा. लिटरला १० ग्रॅम, भागिले २४९.७, म्हणजे कॉपर ०.०४ मोलर आणि सल्फेटही तेवढंच. शंभर लिटर धरून केला म्हणून हा अंतिम आकारमानावरचा आकडा.

चुना पडल्यावर मात्र हा आकडा कॉपरला लागू नाही. कॉपर जवळजवळ सगळं निळ्या साक्यात जातं, आणि तेच हवं असतं. ०.०४ मोलर मोकळं कॉपर पानावर पडलं तर पान करपतं. लोखंडी सुरी किंवा विळा मिश्रणात बुडवून बघायची जुनी रीत आहे. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं कॉपर शिल्लक आहे, आणखी चुना घाला. ही आयनांची संहती शेतातच तपासायची पद्धत आहे आणि माझ्या मते ती पुस्तकात यायला हवी. बोर्डो हे नाव फ्रान्समधल्या गावाचं. तिथल्या मिलार्दे यांनी १८८५ साली हे मिश्रण जाहीर केलं.

तुरटीच्या द्रावणातला ॲल्युमिनियम हिशेबाइतकाच असतो का?

जवळपास. ४.७४ ग्रॅम तुरटी, लिटरभर द्रावण: पोटॅशियम ०.०१, ॲल्युमिनियम ०.०१, सल्फेट ०.०२. पण ॲल्युमिनियमचा तीन प्रभाराचा आयन पाण्यालाच हायड्रोजन सोडायला लावतो. शंभरातले दोन-तीन आयन असे बदलतात, द्रावण आम्लधर्मी होतं, पीएच चारच्या खाली. पावसाळ्यात नदीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा पाण्यातलं बायकार्बोनेट ते आम्ल खाऊन टाकतं आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बुळबुळीत कण होऊन गाळ घेऊन खाली बसतात. तिथं मोकळा ॲल्युमिनियम हिशेबाच्या मानानं अगदी थोडा उरतो.

पाण्याच्या रिपोर्टवर ‘काठिण्य ३००, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ असं असतं. म्हणजे पाण्यात एवढा चुनखडक आहे?

नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळून जेवढे मोल आहेत, ते सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते तर किती मिलिग्रॅम झाले असते, तो आकडा. उलटा हिशेब: ३०० भागिले १०० म्हणजे ३ मिलिमोल प्रति लिटर.

रिपोर्टलाही ताळा लावा. समजा काठिण्य ३००, सोडियम ९२, बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड १०६, सल्फेट ४८, सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. धन प्रभार: कॅल्शियम-मॅग्नेशियमचे ६ आणि सोडियमचे ४, एकूण १०. ऋण: बायकार्बोनेट ६, क्लोराइड ३, सल्फेट १. एकूण १०. या ‘मोल गुणिले प्रभार’ आकड्यालाच रिपोर्टवर मिली इक्विव्हॅलंट म्हणतात. दोन्ही बाजूंत पाच टक्क्यांच्या आसपास फरक चालतो. वीस-तीस टक्के फरक दिसला तर नमुना पुन्हा द्या, त्या रिपोर्टवर खत ठरवू नका.

०:०:५० खत लिटरला ५ ग्रॅम घातलं. पोटॅशियम किती?

पिशवीवरचं ५० म्हणजे पोटॅशियम ऑक्साइडची टक्केवारी, खतात ते ऑक्साइड नसलं तरी. २.५ ग्रॅम भागिले ९४.२ म्हणजे ०.०२६५ मोल, आणि प्रत्येकात दोन पोटॅशियम. ०.०५३ मोलर.

जिप्समचं उत्तर केएसपीवरून एक येतं आणि प्रत्यक्षात वेगळंच. कोण खोटं?

कुणीच नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटच, आणि त्याचा केएसपी पुस्तकापुस्तकांत २.४ ते ४.९ × १०⁻⁵ असा सापडतो. वर्गमूळ ०.००५ ते ०.००७ मोलर. प्रत्यक्षात २५ अंशांना सुमारे ०.०१५ मोलर विरघळतं, दुपटीहून जास्त. दोन कारणं. एक, दोन-दोन प्रभारांचे आयन एकमेकांना ओढत असतात, त्यामुळं मोजलेल्या संहतीइतके ते ‘मोकळे’ वागत नाहीत. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी या ओढीचं गणित मांडलं. दोन, काही कॅल्शियम आणि सल्फेट चक्क जोडीनं फिरतात, विरघळलेले असूनही सुटे नसतात. परीक्षेत वर्गमूळच काढा. पण ‘पूर्ण फुटतं’ हे गृहीतक मिठाला जितकं शोभतं तितकं जिप्समला शोभत नाही, हे ध्यानात असू द्या.

चिकोडी-अथणी भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस घेऊन जमीन चोपण (सोडियम साठून खराब) झालेल्यांना हा ०.०१५ चा आकडा थेट उपयोगाचा आहे. मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम काढायला कॅल्शियम लागतं, ते जिप्सममधून येतं, आणि पाण्यात त्याची कमाल संहती ही एवढीच. ढीग वाढवला म्हणून संहती वाढत नाही. ०.०१५ मोलर म्हणजे लिटरला सुमारे २.६ ग्रॅम जिप्सम. एक टन विरघळायला पावणेचार ते चार लाख लिटर पाणी, म्हणजे एकरभर जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर उभं पाणी. चोपण जमिनीत माती कॅल्शियम ओढून घेत राहते, त्यामुळं थोडं कमी पाणी पुरतं. पण सुटलेलं सोडियम सल्फेट घेऊन ते पाणी चराच्या वाटेनं शेताबाहेर गेलं पाहिजे. निचरा नसेल तर ते तिथंच आटतं आणि सोडियम परत वर येतं.